भिंतीतून आलेला हात

लेबनॉनच्या डोंगरातल्या त्या मारोनी पंथाच्या ख्रिस्ती मठात पूर्वी साधू आणि जोगिणी एकाच विहिरीवर पाणी भरत. सरकीस बिशप झाला आणि त्याने मठाच्या मधोमध भिंत घातली. त्याची आंधळी आई वर्दे भिंतीपलीकडे, जोगिणींच्या बाजूला राहिली. विधवा झाल्यावर ती जोगीण झाली होती, ती मुलाचा आवाज रोज कानावर पडावा एवढ्यासाठीच. भिंत झाल्यापासून सात वर्षांत त्या बाबाने तिला एकदा हाक मारली नाही. आणि याच कडक शिस्तीवर खूश होऊन बाकीच्या बिशपांनी त्याला महाधर्मगुरू निवडलं!

त्या दिवशी जोगिणींनाही त्याच्या हाताचं चुंबन घ्यायचा मान मिळाला. भिंतीला वीतभर भोक पाडलं आणि त्यातून हात आला. वर्दे सगळ्यांत शेवटी गेली. चुंबनासाठी पुढे केलेली धर्मगुरूची अंगठी सोडून तिची बोटं थेट वाकड्या करंगळीवर गेली. लहानपणी रेशमाच्या कोषांच्या उकळत्या पाण्यात भाजलेली ती करंगळी तिनेच महिनाभर तेल लावून बरी केली होती.

“सरकीस, अरे मी रे! जेवलास का?”

हात झटक्यात मागे गेला.

“कोण होती, महाराज?” पलीकडे कुणीतरी विचारलं.

“असेल कुणी म्हातारी. हे भोक आजच बुजवून टाका.”

गवंड्याची थापी वाजायला लागली. थेक्ला नावाच्या तरण्या जोगिणीने वर्देला सावरलं.

“मावशी, मुलगाच होता ना तुमचा?”

“माझा मुलगा मेला, बाई,” वर्दे म्हणाली. “आत्ताच हात धरून पाहिला. गार पडला होता.”