चेअरमनसाहेबांची दोन पोती

अमडापूरच्या सोसायटीत मला कारकून म्हणून तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं, तेव्हा चेअरमन उकंडरावांनी एकच अट घातली: पोरीची झोळी गोदामात बांधा, पण वह्यांत घोळ नको. आमच्या यांची बदली देऊळघाटच्या शाळेत झालेली. दोन घरं चालवायची तर ही नोकरी टिकायलाच हवी होती.

घोळ पहिल्याच महिन्यात झाला. बियाण्याचं पोतं दिलं की तीन ठिकाणी लिहायचं: साठावहीत एक कमी, सभासदाच्या खात्यावर एक जास्त, आणि त्याच्या स्वतःच्या पासबुकात तेच. मी साठ्यातून पोतं कमी केलं अन् नेमकी छबी रडली. माझी आठ महिन्यांची पोर. ती कधी काय तोंडात घालेल या धास्तीनं माझा एक कान कायम झोळीकडे. धावले. खरंच, मुठीत ज्वारीचे दाणे. ते काढून परत आले आणि सरळ पुढच्या माणसाचं लिहायला घेतलं.

महिनाअखेर एक पोतं साठ्यातही नाही आणि कोणाच्या नावावरही नाही. सगळ्यांनी हमाल खुर्शीदकडे पाहिलं. तो दुपारभर पोती वाहत राहिला. संध्याकाळी मात्र माझ्यासमोर येऊन म्हणाला, "बाई, थे पोतं मीच शालूबाईच्या गाडीत टाकलं. तवा तुमची पोरगी रडत होती."

शालूबाईंचं पासबुक मागवलं, नोंद पुरी केली, पोतं सापडलं. खुर्शीदकडे बघायची मला लाज वाटत होती. उकंडराव म्हणाले, पुन्हा असं झालं तर दुसरा माणूस पाहू.

दुसऱ्या दिवसापासून मी शिस्तच बदलली. आधी तिन्ही ठिकाणी पेन्सिलनं लिहायचं. तिन्ही जुळलं की एका बैठकीत शाई फिरवायची, आणि मगच गाडी हलायची. मध्येच छबी रडली, कोणी हाक मारली, तर कुठवर आलो होतो ते आठवत बसायचं नाही. सगळं खोडायचं, पुन्हा पहिल्यापासून. खुर्शीद म्हणायचा, सोसायटीत बियाण्यापेक्षा खोडरबर जास्त खपतं.

मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात खुद्द उकंडराव गाडी घेऊन आले. दोन पोती गाडीत चढली, साठावहीत, खात्यावर पेन्सिल झाली. पासबुक मागितलं तर म्हणाले, घरी राहिलं, उद्या आणतो.

मी खोडरबर उचललं आणि दोन्ही नोंदी पुसल्या.

"खुर्शीदभाई, पोती खाली घ्या."

उकंडरावांनी चष्मा काढला. "बाई, मले ओयखत नाही का तुमी?"

मी म्हटलं, ओळखते. पण वह्या नाही ओळखत.

गोदामात चारपाच सभासद बसले होते. सगळे एकदम विडी विझवण्यात गुंतले. खुर्शीदनं एवढ्या अदबीनं पोती उतरवलेली मी कधी पाहिली नव्हती. उकंडराव रिकाम्या गाडीवर बसून गेले, आणि मी मनातल्या मनात ट्रंक भरायला लागले.

तासाभरात गाडी परत आली. पासबुक होतं, आणि सोबत त्यांच्या घरच्या गोजरबाई.

"यायचे पोते उतरवणारी बाई पाहाले आली मी," त्या म्हणाल्या. "तीस वर्सं झाले, माया सांगण्यावरून यायनं एक तांब्या खाली ठेवला नाही."

मग मात्र हसू कोणाला आवरेना, खुद्द उकंडरावांनाही.

मी पुन्हा पेन्सिल घेतली. एक, दोन, तीन. जुळलं. टाक शाईत बुडवला, साठावही झाली, खातं झालं, अन् झोळीतून छबीनं सूर लावला. माझा हात थांबला.

"लिहा तुमी," म्हणत उकंडराव उठले. झोळीशी जाऊन त्यांनी पोरीला काखेत घेतलं. ती त्यांच्या मिशा ओढू लागली तरी ते हलले नाहीत. मी पासबुकावर शाई फिरवली, टीपकागद दाबला.

"झालं?"

"झालं."

"मंग उद्यापासून झोयी हापिसात बांधा," ते मिशा सोडवत म्हणाले. "गोदामात लेकराले धूळ लागते."