दाबायची राहिलेली कळ

मी एक जुने, दोन तोंडांचे घड्याळ आहे, मित्रांनो. बुद्धिबळाच्या स्पर्धेत मी पटाशेजारी बसायचो. एका तोंडावर पांढऱ्याची वेळ, दुसऱ्यावर काळ्याची. खेळी करून आपली कळ दाबली की आपली वेळ थांबते आणि समोरच्याची सुरू होते. वेळ संपली की लाल निशाण पडते आणि माणूस हरतो.

उमेदीत माझी काय ऐट होती! चिडके खेळाडू माझ्या डोक्यावर असे बुक्के मारत, जणू त्यांचा वजीर मीच खाल्ला होता. मी कधी हूं की चूं केले नाही.

मग ती स्पर्धा आली. शेवटच्या फेरीत एक बहीण आणि तिचा थोरला भाऊ समोरासमोर बसले. जिंकेल त्यालाच संघात जागा होती. दादाने राजापुढचे प्यादे दोन घरे टाकले. तिने वजिराकडच्या उंटापुढचे प्यादे तसेच पुढे सरकवले. सिसिलियन बचाव! तो तिला त्यानेच शिकवला होता.

"माझंच मला दाखवतेस होय गं?" तो हसून पुटपुटला.

पुढे त्याचे हसू मावळले. तिने घोड्यासाठी हत्ती दिला, त्याच्या राजाला कोंडले आणि शेवटी वजीर असा आणून ठेवला, की दादाने काहीही केले तरी पुढच्या खेळीला मात ठरलेली होती. आनंदाने तिने दोन्ही हातांनी तोंड झाकले. कळ दाबायची राहून गेली.

तिचीच वेळ पळत होती. तिला वाटले, दादा विचार करतोय. दादाने माझ्याकडे पाहिले, अगदी सरळ पाहिले. मग कपाळाला हात लावून तो पटाकडे बघत बसला. बघणाऱ्यांना बोलायची मुभा नव्हती, आणि मला टिकटिकीपलीकडे काही येत नाही. माझा जीव तुटत होता.

तिचे निशाण पडले.

"तुला दिसत होतं ना, दादा?"

"स्पर्धा आहे ही. नियम म्हणजे नियम."

तिने मोहरे पेटीत भरले आणि ती एकटीच घरी गेली.

पुढे बॅटरीची घड्याळे आली. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाने मला अडगळीत टाकले, तेव्हा दादाने मला मागून घरी नेले. बहीण अजून त्याच्याकडे येते, औषधे घेतलीस का विचारते, पण पटासमोर बसत नाही. ती गेल्यावर तो पांढऱ्याची खेळी करतो, कळ दाबतो, गुडघे धरत उठतो आणि समोरच्या खुर्चीत बसून तिचा सिसिलियन खेळतो. फार वाईट वाटते मला.

मित्रांनो, मला चावी द्यायला विसरलात तरी चालेल. पण समोरचा कळ दाबायला विसरला, तर नुसते बोट दाखवा. डाव जाईल. माणूस तुमच्याबरोबर घरी येईल.