दुसरी किल्ली

मी एक जुनी किल्ल्या कापायची मशीन आहे. मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका. घराची किल्ली हरवते आणि आई सगळे घर डोक्यावर घेते, तेव्हा माझ्यासारखीच कोणीतरी उपयोगी पडते. माझी रचना साधी आहे. मला दोन चिमटे आहेत. एकात जुनी किल्ली बसते, दुसऱ्यात कोरी. जुनीच्या दातांवरून एक बोथट सुई फिरते आणि ती जिथे उतरेल तिथे माझे चाक कोरीला कापते. कर्र असा आवाज होतो, पितळेचा चुरा उडतो आणि एकीच्या दोन होतात. किल्लीचा मालक कोण, हे मला कळत नाही. ते पाहणे माझ्या मालकाचे काम.

एका लहानशा कारखान्यात मी तयार झाले. तेव्हा माझा रंग हिरवागार होता आणि मूठ अशी चकचकीत, की तिच्यात तोंड पाहून घ्यावे. मला विकत घेतले किल्लीकाकांनी. सगळी मुले त्यांना याच नावाने हाक मारत. त्यांचे दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधल्या बोळातली टपरी. पाठ टेकली की भिंत, पाय पसरले की रस्ता. रोज सकाळी काका मला ब्रशने झाडत, तेलाचे थेंब सोडत आणि पहिले गिऱ्हाईक येईपर्यंत माझ्याशी गप्पा मारत. काकू म्हणायच्या, "घरात तोंडातून शब्द फुटत नाही, आणि त्या लोखंडाशी काय एवढं बोलता?"

काकांचा एक नियम होता, त्यांच्या उस्तादांनी घालून दिलेला. नुसती किल्ली घेऊन कोणी आले तर आधी कुलूप पाहायचे. घराची असेल तर काका हत्यारांची पेटी उचलून घरी जात. गाडीची असेल तर गाडी टपरीसमोर उभी करायला लावत. लोक वैतागत.

"काका, मी काय चोर दिसतो का?"

"दिसत असतात तर विचारलंच नसतं, सरळ हाकललं असतं," काका म्हणत, आणि लोक हसून गाडी आणायला जात.

असे सगळे सुरळीत चालले होते. मग मेहुणा यायला लागला. मेहुणा म्हणजे काकूंचा धाकटा भाऊ. त्यांची आई लवकर गेली, म्हणून काकूंनीच त्याला लहानाचे मोठे केले. तो एका गॅरेजात स्कूटर दुरुस्त करायचा, आणि गोड बोलण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. एका दुपारी त्याने काकांपुढे एक किल्ली ठेवली.

"भाऊजी, गिऱ्हाइकाला डुप्लिकेट हवीय. गाडी खोलून ठेवलीय, इंजिन खाली आहे. इथं कशी आणू?"

काकांचा हात घुटमळला. पण बायकोच्या भावाला गाडी दाखव कसे म्हणायचे? त्यांनी किल्ली माझ्या चिमट्यात बसवली. चहा निवायच्या आत मी दुसरी करून दिली. त्यानंतर तो येतच राहिला, आणि दर वेळी गाडी खोललेलीच असायची.

पुढे शेजारच्या चहावाल्याने बातमी आणली. आमच्या भागातून स्कूटर चोरीला जात होत्या. हँडल तोडलेले नाही, तारा कापलेल्या नाहीत. चोर आपलीच गाडी असल्यासारखा येतो, किल्ली लावतो आणि निघून जातो. काकांच्या हातातला कप तसाच राहिला. त्या दिवसापासून बोळात कोणाच्या बुटांचा आवाज आला तरी ते मला मध्येच बंद करत. अर्धवट कापलेली किल्ली फेकून द्यावी लागे. मलाही भीती वाटत होती, मित्रांनो. चाक माझेच फिरले होते.

मेहुणा पुन्हा आला तेव्हा काकांनी एकदाचे विचारले, "या गाड्या कुणाच्या असतात रे?"

"तुम्ही किल्ली बनवता, गाडी थोडीच पळवता?" तो हसला. मग जरा वाकून म्हणाला, "आणि भाऊजी, किल्ल्या सगळ्या तुमच्या हातच्या आहेत. फार चौकशी करू नका."

त्या दिवशीची किल्लीही काकांनी घेतली. तिच्या मुठीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता आणि शेवटचा दात झिजून गेला होता. दुसरी किल्ली चालावी म्हणून काकांना तो दात कानशीने घासून नीट करावा लागला.

त्याच आठवड्यात, भर सकाळी, एक नर्स आली. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना घरी जाऊन इंजेक्शने देणारी, मलमपट्टी करणारी. कोणी न सांगताच तिने स्कूटर टपरीसमोर लावली.

"काका, हिची दुसरी किल्ली करून द्या. माझ्याकडे एकच आहे. गाडी कालच गॅरेजातून दुरुस्त होऊन आलीय. गाड्या जातायत म्हणे, मला तर धास्तीच बसलीय. ही गेली तर सुया घेऊन पायी कुठं कुठं फिरू मी?"

किल्ली माझ्या चिमट्यात आली. मुठीवर लाल ठिपका होता. सुई पहिल्या दातावर टेकली, दुसऱ्यावर गेली, आणि मी ओळखले. काकांनी तर आधीच ओळखले होते. त्यांनी मला बंद केले.

"चाक तापलंय. थोड्या वेळाने या."

माझे चाक थंडगार होते.

"बरं. शेजारच्या इमारतीत एक पेशंट आहे, तो करून येते. गाडी इथंच असू दे. तुमच्या डोळ्यांसमोर आहे म्हणजे काळजी नाही," असे म्हणून ती गेली.

तेवढ्यात काकू डबा घेऊन आल्या. काकांनी त्यांना सगळे सांगितले, पहिल्या किल्लीपासून. काकू टपरीच्या फळीच्या कडेला बसल्या.

"मी भरवलंय हो त्याला या हातांनी."

"माहीत आहे."

"तुम्हालाही धरतील."

"तेही माहीत आहे."

काकूंनी समोरच्या स्कूटरकडे पाहिले. मग म्हणाल्या, "तिच्या तोंडावर सांगा. गाडी गेल्यावर कळलं, तर मला या बोळातून चालता येणार नाही. आणि त्याच्या जामिनासाठी मी धावपळ करणार. तेव्हा मला अडवायचं नाही."

नर्स परत आली. काका उभे राहिले.

"बाई, तुमच्या गाडीची दुसरी किल्ली आधीच झालीय. मीच केलीय."

तिला आधी ही थट्टाच वाटली. काका सांगत गेले तसा तिचा चेहरा उतरत गेला.

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तेव्हा तुम्ही कुठं दिसत होतात? नुसती किल्ली होती."

"ज्यांच्या गाड्या गेल्या, तेही दिसले नाहीत म्हणूनच गेल्या ना?"

नर्सने हेल्मेट घातले. "चला पोलिसांकडे. दुपारी मला एका आजींची पट्टी बदलायचीय, त्याआधी."

काकांनी माझे स्क्रू काढले आणि मला गोणपाटात गुंडाळले. मला दाखवल्याशिवाय पोलिसांना खरे वाटणार नाही, असे त्यांचे म्हणणे. ते त्याच स्कूटरवर मागे बसले, मी त्यांच्या मांडीवर. गॅरेजच्या कोपऱ्यावर नर्सने वेग कमी केला.

"उतरायचं असेल तर इथंच उतरा. मी एकटी जाईन."

काकांनी मला घट्ट धरले. "चालवा," ते म्हणाले.

आता मी पोलिसांच्या जप्तीच्या खोलीत एका फळीवर आहे. मुठीला चिठ्ठी बांधलेली आहे, चिमट्यांना गंज चढला आहे, आणि तेलाचा थेंब कित्येक दिवसांत पाहिलेला नाही. मेहुणा आणि त्याच्याकडून गाड्या घेणारे पकडले गेले. काकांवरही खटला चालू आहे. ते टपरीवर बसून कानशीने हातानेच किल्ल्या घासतात, असे हवालदार एकमेकांना सांगत होते. काकू भावाला भेटायला तुरुंगात जातात. नर्सची स्कूटर वाचली. ती रोज त्या बोळातून जाते, पण टपरीपाशी थांबत नाही. तिच्याआधी ज्यांच्या गाड्या गेल्या, त्यांना मात्र काही परत मिळाले नाही. त्या गाड्या खोलून सुट्या भागांत विकल्या गेल्या होत्या.

मित्रांनो, जवळच्या माणसाला "हे कुणाचं आहे?" असे विचारताना जीभ जड होते. काकांची झाली होती. तुम्ही मात्र विचारा, तो रुसला तरी विचारा. आणि आणखी एक काम माझ्यासाठी करा. मी कापलेल्या सगळ्या किल्ल्या पोलिसांना सापडलेल्या नाहीत. काही अजून कुणाच्या तरी खिशात आहेत आणि त्या गाड्यांच्या मालकांना याचा पत्ताही नाही. तुमच्या घरची गाडी इतक्यात गॅरेजातून आली असेल, तर आजच घरी सांगा आणि तिचे कुलूप बदलून घ्या.