ट्रिंबलच्या खुर्चीतले तीन पळपुटे

मी खुर्ची बोलतेय. जिच्यापायी माणसं एकमेकांचे गळे धरतात ती नव्हे. मी सलूनमधली. माझ्यात बसणाऱ्याच्या गळ्याशी वस्तरा असतो, त्यामुळे माझ्यात माणसं जरा बरी वागतात. जराच.

शिकागोच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. बिडाचं पाऊल, लाल चामड्याची गादी, आणि दांडा दाबला की माणूस वर. ऑर्विल ट्रिंबलनं मला ओहायोतल्या या सरोवराकाठच्या शहरात आणलं आणि आपल्या दुकानाच्या खिडकीशी बोल्ट लावून जमिनीत घट्ट केलं. मग पाठीवर थाप मारून म्हणाला, "बस बाई इथं. आता जग तुझ्याकडे येईल."

जग आलं. पाद्री आले, पोलादाच्या भट्टीवरचे कामगार आले, लग्नाच्या सकाळी नवरदेव आले. सगळ्यांची डोकी माझ्या उशीवर टेकली. आतलं काय सांगू? बहुतेकांच्या आत शनिवारपासून सोमवारपर्यंत एकच विषय असायचा. फुटबॉल.

इथला फुटबॉल हातानं खेळतात. एकानं लांबुळका चेंडू फेकायचा आणि दुसऱ्यानं पुढे पळत जाऊन तो झेलायचा. या दुसऱ्याला रिसीव्हर म्हणतात. झेलणारा, पळणारा नव्हे. ही साधी गोष्ट आमच्या 'ड्रेजर्स' संघाच्या मालकाला आजतागायत कळलेली नाही. हरण्यात आमचा संघ पटाईत, त्यामुळे दर वसंतात कॉलेजचे खेळाडू निवडताना, हरणाऱ्याला आधी संधी या नियमानं, त्याचा नंबर लवकर लागायचा. आणि मालक दर खेपेला सगळ्यात वेगानं पळणाऱ्यावर बोट ठेवायचा. वेग दिसला की त्या माणसाची अक्कल गहाण पडायची.

पहिला आला तो फ्लोरिडाचा जॅव्हन स्ट्रिंगर. तो दारातून आत आला तेव्हा गल्लीतली निम्मी माणसं त्याच्या मागे होती. माझ्यात बसला आणि अख्खा वेळ आरशाशी बोलत राहिला. ऑर्विलनं विचारलं, "मागे बारीक करू का?"

"करा. मागून मला बघणारे पुष्कळ असतात," तो म्हणाला, आणि सगळं सलून हसलं.

मला तेव्हाच त्याचा राग आला. पाय हरणाचे होते, वादच नाही. पण हातांना जणू तूप चोपडलेलं. पहिल्याच मोसमात तो सगळ्यांना मागे टाकून एकटा पुढे निघाला, आसपास चिटपाखरू नाही, चेंडू अलगद त्याच्या ओंजळीत आला, आणि ओंजळीतून छातीवर, छातीवरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून मातीत. सलूनमधला टीव्ही चालू होता. ऑर्विलचा जुना दोस्त क्लिओफस वीम्स, बसचालक, पोटावर हात ठेवून म्हणाला, "याच्या हातात माझ्या आईनं बाळ दिलं नसतं रे!" पुढच्या मोसमात स्ट्रिंगर गेला. ऑर्विलनं त्याचा भिंतीवरचा फोटो काढला, तिथं पांढरा चौकोन राहिला.

त्या चौकोनावर दुसऱ्याचा फोटो लागला. डेल्मर ओक्स. याला झेलता यायचं. सराव बघून आलेला क्लिओफस तर देव दिसल्यासारखा बोलत होता. पण मैदानाच्या मध्यावर चेंडू आला, समोरून कुणी दांडगा धावत आला, की ओक्सची कोपरं बरगड्यांना चिकटायची. चेंडू हातभर पुढून निघून जायचा. दान देताना हात आखडता घेणारी माणसं मी पाहिली होती, घेताना हात आखडणारा हा पहिलाच. सामन्यानंतर तो दर वेळी तेच सांगायचा, "चेंडू जरा लांब पडला." कपड्यांना गवताचा डाग नाही. धोब्याचे कष्ट वाचवणारा खेळाडू! त्याचाही फोटो उतरला.

या दोघांची मी मनमुराद टर उडवते. तिसऱ्याचं तसं नाही. त्याचं नाव काढलं की माझ्या स्प्रिंगा करकरतात.

मार्लन टिबेट आमच्याच मागच्या गल्लीतला. ओक्सच्या जागी ड्रेजर्सनी त्यालाच घेतलं आणि त्या चौकोनावर त्याचा फोटो लागला. लहानपणी माझ्या हातांवर फळी आडवी टाकून ऑर्विल त्याला बसवायचा. ऑर्विलच्या हातून कंगवा सुटला की तो पडायच्या आत मार्लननं झेललेला असायचा. पाय स्ट्रिंगरसारखे, हात ओक्सपेक्षा सरस, आणि भीती म्हणाल तर नावाला नाही. देवानं एकाच माणसात सगळं ओतलं होतं. फक्त झाकण लावायचं विसरला.

त्याच्यात खोट एकच. हातात घेतलेलं शेवटाला न्यायचं नाही. रिसीव्हरला ठरलेल्या वाटेनं पळावं लागतं. सरळ जायचं, अमुक जागी वळायचं, तमुक जागी पोचायचं. फेकणारा त्या जागेवर भरवसा ठेवून चेंडू फेकतो. मार्लन निम्म्या वाटेवर कंटाळायचा. चेंडू आपल्याकडे येणार नाही असं वाटलं की चक्क चालू लागायचा. चेंडू तिथं पोचायचा, हा नाही.

ऑर्विल दाढी करता करता सांगायचा, "अरे, ती वाट पुरी कर. कुणीतरी तुझ्या भरवशावर फेकतोय."

"मिस्टर ऑर्विल, मी निम्मं पळालो तरी बाकीच्यांच्या पुढे असतो."

"म्हणून निम्मंच पळणार?"

मार्लन हसायचा. हसताना गाल कापला जाऊ नये म्हणून ऑर्विल वस्तरा उचलायचा आणि विषय तिथंच राहायचा.

ड्रेजर्सनी त्याला काढलं. वेगाच्या लोभानं आणखी दोन शहरांनी उचललं, त्यांनीही सोडलं. ऑर्विलनं मात्र त्याचा फोटो उतरवला नाही. क्लिओफसनं डिवचलं की म्हणायचा, "येईल वळणावर." पुढे ऑर्विल वारला. मार्लननं फुलं पाठवली, मोठी, महागडी. स्वतः आला नाही. ऑर्विलची मुलगी रेनेटा हिनं ती फुलं चर्चच्या दाराबाहेर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी वडिलांचा वस्तरा हातात घेऊन दुकान उघडलं.

बऱ्याच वर्षांनी एका शनिवारी सकाळी दारात एक जाडसर माणूस उभा राहिला. दुकानात रेनेटा होती आणि बाकावर नंबर लावून बसलेला लेमंट, समोरच्या अग्निशमन केंद्रातला तरणाबांड जवान.

"रेनेटा, दाढी करशील? दुपारी मुलाखत आहे. आपल्या शाळेत, रिसीव्हरांचा प्रशिक्षक म्हणून."

रेनेटानं भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "बस," एवढंच म्हणाली. मी त्याला ओळखलं ते वजनावरून नव्हे. बसल्या बसल्या पाय हलवायची खोड तीच होती.

तिनं गरम टॉवेल त्याच्या तोंडावर गुंडाळला आणि तेवढ्यात क्लिओफस आला. आता निवृत्त, हातात तळलेल्या पर्च माशाचा पुडा. टॉवेलखाली कोण आहे हे बघायची त्याला कधीच गरज वाटलेली नाही.

"पोरी, ऐकलंस? तो टिबेट आपल्या शाळेत नोकरी मागतोय! आणि समितीवर कोण? मी!"

"काका, मासा बाहेर खा."

"मी लेमंटला विचारतो. बोल, तिघांत फुसका कोण? स्ट्रिंगर, ओक्स की टिबेट?"

"स्ट्रिंगर," लेमंट म्हणाला. "पाच बोटं असून नसल्यासारखी."

"चूक! स्ट्रिंगरला येतच नव्हतं. आंधळ्याला दिसत नाही म्हणून कुणी शिव्या देतं का? ओक्स भित्रा होता. भीती काय, मलाही वाटते, माझ्या बायकोची. पण टिबेटला सगळं येत होतं! त्याला कशाचीच कमी नव्हती. त्यानं आम्हाला पुरं कधी दिलंच नाही. आम्ही बर्फात उभे राहून त्याच्या नावानं घसा फोडायचो, आणि साहेब चालतायत! ऑर्विल त्याच्या नावानं झुरून मेला."

"बाबा हृदयविकारानं गेले," रेनेटा म्हणाली.

"तेच ते."

माझे हात करकचून धरले गेले. रेनेटानं टॉवेल काढला, दोन्ही गालांना फेस लावला आणि एका गालावर वस्तरा चालवू लागली. शांतपणे म्हणाली, "काका, ज्याला बोलताय त्याच्या तोंडावर तरी बोला."

क्लिओफसच्या घशात मासा अडकला. तरी मागे हटला नाही, हे त्याच्या पदरात टाकते. "बरं झालं. मग तूच सांग मार्लन, पोरांना काय शिकवणार आहेस?"

मी जीव मुठीत धरला. आत्ता बोल, बाबा. त्या निम्म्या वाटांबद्दल बोल.

"मी स्ट्रिंगरपेक्षा दुप्पट चेंडू झेललेत," मार्लन म्हणाला. "आणि ओक्सला तर मी कधीही..."

"ते नाही विचारलं. शिकवणार काय?"

"वेग!" तो ताडकन उठला. एक गाल स्वच्छ, दुसऱ्यावर फेस. "माझा वेग अजून आहे. कुणालाही उभा करा माझ्यासमोर. हा पोरगा चालेल."

"मार्लन, खाली बस. निम्मी राहिलीय," रेनेटा म्हणाली.

पण तो गळ्यातल्या चादरीसह रस्त्यावर गेलासुद्धा. लेमंट हसत मागे गेला. क्लिओफस पुडा टाकून धावला, आयुष्यात पहिल्यांदा. चर्चच्या कोपऱ्यापर्यंत शर्यत ठरली. खिडकीतून मी सगळं पाहिलं. पहिल्या काही पावलांत लेमंट पुढे होता. मग ते जाड शरीर जणू हलकं झालं, पट्ट्यापट्ट्यांची चादर मागे ताठ उडाली, आणि लेमंट जागच्या जागी पळतोय असं वाटलं. खोटं कशाला बोलू? सुंदर होतं. तेच तर वाईट.

रस्त्यावर टाळ्या. गाड्यांचे भोंगे. आणि क्लिओफस वीम्स, आत्ताच ज्यानं त्याची सालं काढली होती, तो टोपी हवेत उडवत ओरडत होता, "बघितलंत? बघितलंत? आपला पोरगा आहे तो, आपल्या गल्लीतला!"

मार्लन परत आलाच नाही. लोकांच्या खांद्यांवर हात टाकून तसाच कोपऱ्यावरून वळून गेला. रेनेटा वस्तरा घेऊन दारात उभी. "चादर तरी देऊन जा!" ती ओरडली. कुणी ऐकलं नाही. आत येऊन तिनं भिंतीवरचा फोटो काढला, खणात पालथा ठेवला आणि वस्तऱ्यावरचा फेस पुसला. रडली नाही. मला वाटलं रडेल.

सोमवारी क्लिओफस ऐटीत माझ्यात बसला. "घेतला त्याला. एकमतानं."

"अर्ध्या दाढीनं आला होता?"

"हो ना! म्हणाला, नवी फॅशन आहे. मुख्याध्यापकबाईंना फार आवडली."

रेनेटानं दांडा दाबायच्या ऐवजी सोडला. क्लिओफस धपकन खाली आला. मीही मनापासून साथ दिली.

पहिल्या मोसमाच्या मध्यावर मार्लननं शाळा सोडली. दुसरीकडे काहीतरी चांगलं मिळालं म्हणे. पोरं मैदानावर उभी, प्रशिक्षक नाही. ती रिकामी जागा लेमंटनं घेतली, कामाची पाळी संपवून. तो म्हणे पोरांना आधी चालत वाट पुरी करायला लावतो. क्लिओफसला त्याचं प्रशिक्षण कंटाळवाणं वाटतं.

आता माझं म्हणाल तर माझा पंप गळतो. जड गिऱ्हाईक हळूहळू खाली जातं आणि दाढी संपेपर्यंत त्याची हनुवटी रेनेटाच्या कमरेशी येते. तिनं नव्या काळ्या खुर्च्या मागवल्यात. मला लेमंट नेणार आहे, केंद्रातल्या जवानांना टेकायला.

आज पुन्हा निवडीचा दिवस आहे. टीव्हीसमोर सगळे जमलेत. ड्रेजर्सनी नाव पुकारलं, टेक्सासचा कुणीतरी पोरगा, आणि निवेदक किंचाळला, "या वर्षातला सगळ्यात वेगवान!" सलून दणाणलं. क्लिओफस डोळे पुसतोय. इकडे लेमंट आणि त्याचा सोबती माझे बोल्ट काढतायत आणि त्यांनीही मान वळवून टीव्हीकडे पाहिलं.

माझं मागणं एवढंच आहे. लेका, हातातलं आधी पुरं कर. हा शेवटचा बोल्ट गंजलाय, तो नीट काढ. दाराला उंबरा आहे, बाहेर तीन पायऱ्या आहेत. सावकाश ने मला. मला कुठंही लवकर पोचायचं नाही.