बॅटरीखालचा बोल्ट

"लागतात की दिवे! बघा ना." डॉक्टरबाईंनी गाडीत बसल्या जागेवरून बटण फिरवलं. समोरच्या भिंतीवर उजेडाचे दोन गोल उमटले. "तुम्ही फक्त फुटलेली काच बदला."

टेस्टरकाकांनी काचेला हात लावला नाही. गाड्यांची वायरिंग करण्यात त्यांची तीस वर्षं या शेडमध्ये गेली होती. खिशात कायम टेस्टर, म्हणून हे नाव पडलं.

"पण गाडी धडकली कशी?"

"ड्रायव्हरला डुलकी लागली. रात्री माझ्या आईला घेऊन येत होता, तिचं मनगट मोडलं. आणि हा म्हणतो, वळणावर दोन्ही दिवे अचानक गेले! दोन ठिकाणी तपासून घेतलं, सगळं ठणठणीत. अकरा वर्षं होता हो आमच्याकडे. चूक कबूल केली असती, तर ठेवलाही असता. खोटं बोलणारा माणूस नको."

त्या ड्रायव्हरला काका ओळखत होते. गॅरेजात गाडी घालण्याआधी चाकांचा चिखल काढून येणारा माणूस.

"संध्याकाळपर्यंत राहू दे गाडी," ते म्हणाले.

बल्ब ठीक होते. फ्यूज, रिले, स्विच, सगळं ठीक. त्यांनी दिवे अर्धा तास चालू ठेवले. हूं की चूं नाही. मग पुढच्या बंपरवर दोन्ही हात टेकवून त्यांनी गाडी गदागदा हलवली. चौथ्या हिसक्याला दोन्ही दिवे विझले आणि लगेच पुन्हा लागले.

दोन्ही एकदम जातात, म्हणजे दोघांचं जे सामाईक आहे तिथेच पाणी मुरतंय. वीज दिव्यातून बॉडीत परत जायची ती काळी वायर, अर्थिंगची. तिचा माग काढत काका बॅटरीपर्यंत आले. बॅटरी उचलली. खाली बोल्टमध्ये वायरचं टोक आवळलेलं होतं, आणि वायरवरच्या टेपला शेवटी दोऱ्याची गाठ होती.

टेप सुटू नये म्हणून अशी गाठ सगळ्या गावात एकच माणूस मारत असे.

त्यांनी बोल्ट सैल केला. खाली गाडीचा रंग जसाच्या तसा. रंगातून वीज जात नाही; तो खरवडून पत्रा उघडा करायचा असतो, मगच वायर आवळायची. हे त्यांनी शंभर जणांना शिकवलं असेल. ही वायर स्वतः बसवली तो दिवस आठवला. बायकोला ऑपरेशननंतर घरी आणायचं होतं, घड्याळाकडे बघत काम उरकलं होतं. दोन वर्षं ती वायर नुसत्या बोल्टच्या आट्यांवर तगून होती.

काकांनी पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत घासला.

संध्याकाळी डॉक्टरबाई आल्या. काकांनी दोष दाखवला. बाईंचा चेहरा उतरला.

"म्हणजे तो खरं बोलत होता..." त्या म्हणाल्या. "गंजली असेल वायर. कुणाला काय दोष देणार!"

वाट आयती मोकळी झाली होती. काकांनी हात पुसले.

"गंज नाही, बाई. रंग न खरवडता मीच आवळली होती. दोन वर्षांपूर्वी."

दवाखान्याचं, ऑपरेशनचं ते काही बोलले नाहीत.

"आईला अजून वेणी घालता येत नाही," बाई म्हणाल्या. "यापुढे मी गाडी तुमच्याकडे आणणार नाही."

"बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हर शेडच्या दारात उभा होता. दाढी वाढलेली.

"बाईंचा फोन आला होता. माफी मागितली. कामावर ये म्हणाल्या."

"जाणार?"

"बघू." तो स्टुलावर टेकला. "तूच केलंस म्हणे?"

"मीच."

काकांना वाटलं, आता हा शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ड्रायव्हर आपल्या तळहातांकडे बघत होता.

"दीड महिना रोज डोळे मिटले की तेच वळण. सगळेच म्हणतात म्हटल्यावर मलाही वाटायला लागलं, लागली असेल डुलकी. बायकोला तसं सांगूनही टाकलं. आता मी स्कूटर काढली, की ती म्हणते, राहू दे, मी चालत जाते."

ड्रायव्हरने फोन काढला, नंबर लावला आणि त्यांच्यापुढे धरला.

"माझ्या तोंडून नको. तू सांग तिला."

काकांनी ग्रीसचा हात शर्टालाच पुसला आणि फोन कानाला लावला. पलीकडून आवाज आला, "हं, बोला. पोचलात का नीट?"

"वहिनी, मी गॅरेजमधून बोलतोय," काका म्हणाले. "तुमचा माणूस जागा होता."

ड्रायव्हर त्यांच्याकडे पाठ करून दारात उभा राहिला, रस्त्यावरच्या येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघत.