आठवडा रिकामा राहत नाही

हंगेरीतल्या बालाटोन तळ्याच्या काठावर नव्यानेच उघडलेल्या सुट्टी-क्लबचं आमंत्रण हातात पडलं, तेव्हा एतेल्का बोग्नारच्या डोळ्यांसमोर पाणी आलं नाही, गच्ची आली नाही, तर नवऱ्याची पाव कापायची तऱ्हा आली. दोन दिवस राहणं-जेवण क्लबकडे, त्याबदल्यात एक बैठक ऐकायची, सभासद होणं आपल्याला परवडेल का याचा निवांत विचार करायचा, नाही पटलं तर आपापल्या घरी जायचं. अट एवढीच, की नवरा-बायको दोघांनी यायचं. क्लबवाले हुशार. एकटी बाई 'घरी विचारून सांगते' म्हणून सटकते, हे त्यांना ठाऊक असणार.

गाश्पार बोग्नार केचकेमेतच्या बस डेपोत मेकॅनिक होता आणि माणूस म्हणून त्याच्यात खोट काढायला जागा नव्हती. पण जेवायला बसला की तो खिशातला चाकू काढायचा, पाव उलटा करून त्याच्या बुडावर चाकूच्या टोकाने क्रूस रेखायचा, मग पाव छातीशी धरून स्वतःच्या दिशेने कापायचा, आणि चुरा सगळा शर्टावर. त्याची आई तसंच करायची, आजीही. घरात ते खपून जाई. पण एतेल्का ज्या औषधांच्या दुकानात काउंटरला होती, त्याच्या मालकाच्या मुलीच्या लग्नात, जिथे पावाचे नाजूक तुकडे आधीच टोपलीत मांडलेले होते, तिथे ह्या गृहस्थाने वाढप्याकडून अख्खा पाव मागवला, चाकू काढला, आणि टेबलावरचं बोलणं एकदम थांबलं. नंतर त्याने सूपमधलं नळीचं हाड चोखलं ते पलीकडच्या टेबलापर्यंत ऐकू गेलं. एतेल्काच्या कानशिलांवर चढलेली ती आग पुढे कधी पुरती विझली नाही. त्या दिवसापासून तिने नवऱ्याला चारचौघांत नेणं बंद केलं आणि त्याला ते कळू दिलं नाही; निदान तिची तशी समजूत होती.

आमंत्रण मात्र त्याच्याच हाती आधी पडलं होतं. तो लहान मुलासारखा खूश झाला. पूर्वी डेपोच्या सुट्टीघरात दर उन्हाळ्यात जायला मिळायचं, एकावर एक पलंग, सामाईक नळ, पण तळं समोर; रशियन सैन्य देशातून गेलं, मागोमाग ते सुट्टीघरही विकलं गेलं, आणि त्यानंतर त्याने पोहण्यापुरतं पाणी पाहिलं नव्हतं. त्याने चिनी बाजारातून पोहायची चड्डी आणि नव्या सँडल आणल्या, आणि सँडल पायाला बसाव्यात म्हणून मोज्यांवर घालून तो स्वयंपाकघरात येरझारा घालू लागला.

"कशा दिसतायत, एतुश? साहेब वाटतोय की नाही?"

"वाटतोयस," ती म्हणाली, आणि पाठ फिरवून भांडी घासू लागली.

मग तिने त्याला सांगितलं की क्लबने बैठक रद्द केली. रजा घेतलीच आहे तर मी पेच शहरात ताईकडे जाऊन येते. तो क्षणभर सँडलकडे बघत राहिला. "जाऊ दे गं," तो म्हणाला, "तळं काही पळून जात नाही." आणि ताईसाठी म्हणून त्याने स्वतः धुरी दिलेल्या बेकनचा मोठा तुकडा स्वच्छ फडक्यात बांधून तिच्या पिशवीत ठेवला.

वरच्या मजल्यावर लोरांद नावाचे भूगोलाचे शिक्षक राहत. बायको सोडून गेलेली, पँटला कडक इस्त्री, आवाज मृदू. एतेल्काने त्यांना जिन्यात गाठलं आणि मान खाली घालून विचारलं.

"म्हणजे दोन दिवसांचा नवरा?" लोरांद हसले. "पगार काय देणार?"

"तळ्यातला मासा, तळलेला. आणि बाहेरच्या खोलीतला सोफा."

"बरीच लग्नं यापेक्षा कमीवर टिकतात हो," ते म्हणाले, आणि तयार झाले.

त्यात वावगं काहीच नव्हतं, असं तिने स्वतःला समजावलं. ती सभासद होणार नव्हती. दुकानात बसल्याबसल्या तिने सगळं तोलून पाहिलं होतं. दरवर्षी तोच एक आठवडा खोली आपली, तो वापरा न वापरा देखभालीची वर्गणी द्या, ती वाढत जाणार, आणि आपण मेल्यावर मुलांच्या गळ्यात. असल्या भानगडीत शहाण्याने पडू नये. तिला फक्त दोन दिवस अशा माणसाशेजारी बसायचं होतं ज्याची लाज वाटत नाही. बेकनची पुरचुंडी तिने स्टेशनवरच्या बाकावर तशीच ठेवून दिली, आणि गाडी सुटेपर्यंत त्या बाकाकडे पाहिलं नाही.

क्लबच्या स्वागतकक्षात क्लाउदिया नावाच्या तरतरीत मुलीने हात पुढे केला. "या, बोग्नारसाहेब!" लोरांदनी क्षणाचाही विलंब न लावता तो हातात घेतला, आणि एतेल्काला मनातून हसू आलं, मास्तर नट निघाले. खोल्या सुरेख होत्या. पांढरे पडदे, घड्या घातलेले टॉवेल, गच्चीखाली दुधाळ हिरवं पाणी. तिला वाटलं, आपण पहिल्यांदाच श्वास पुरता सोडतो आहोत.

दुपारच्या जेवणाला टेबलावर अख्खा पाव आला, हौसेने, गावाकडच्यासारखा, फडक्यात गुंडाळून. लोरांद शेजारच्या जोडप्याशी हवामानावर बोलत होते. बोलताबोलताच त्यांनी पाव उचलला, उलटा केला, सुरीच्या टोकाने त्याच्या बुडावर क्रूस रेखला, आणि तो छातीशी धरून स्वतःच्या दिशेने कापायला लागले.

एतेल्का त्यांच्याकडे वाकली. "हे कुठे शिकलात?" तिने हळूच विचारलं.

"काय?"

"हे. पाव."

त्यांनी हातातल्या पावाकडे पाहिलं, जणू त्यात विचारण्यासारखं काय आहे हेच कळत नव्हतं. "आई करायची की."

लोरांदच्या आईला तिने पाहिलेलं होतं. बुडापेस्टमध्ये पियानो शिकवायची बाई, सुट्टीत मुलाकडे येई आणि बेकरीतून कापलेलाच पाव आणायला लावी. पण हे बोलून दाखवायला वेळ मिळाला नाही, कारण सूप आलं, आणि लोरांदनी नळीचं हाड उचलून ओठांना लावलं. आवाज पलीकडच्या टेबलापर्यंत गेला. बायका वळून बघायला लागल्या, आणि एतेल्काच्या कानशिलांवर तीच जुनी आग चढली. तिने सवयीने, अगदी सवयीने, टेबलाखालून त्यांच्या गुडघ्याला चापट मारली.

"काय गं, एतुश," ते खो खो हसत म्हणाले, "हाड काय बघायला ठेवायचं?"

एतुश तिला जगात एकच माणूस म्हणत असे. आणि लोरांद आजवर तिला अहो-जाहोच करत आले होते. त्या संध्याकाळी ते तळ्यात उतरले, पाणी फुंकत, ओरडत, काठावरच्या पोरांवर पाणी उडवत. त्यांची कडक इस्त्रीची पँट खुर्चीवर चुरगळून पडली होती. ती गच्चीतून पाहत राहिली. हा विनोद असेल तर फार लांबला, असं त्यांना सांगायचं तिने ठरवलं. पण गाश्पारच्या सवयी तुम्हाला कशा माहीत, असं विचारायचं, तर मला त्या सवयींची लाज वाटते म्हणून मी तुम्हाला आणलं, हेही बोलावं लागलं असतं. ते तिच्या तोंडून निघेना.

बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. गोल टेबलाभोवती तीन जोडपी, कॉफी, सुकी बिस्किटं. क्लाउदिया छान बोलत होती. आठवडा नको असेल तर स्पेनमधल्या कोणाच्या तरी आठवड्याशी बदला, ग्रीसमधल्या कोणाशी बदला, अदलाबदल हाच क्लबचा प्राण. लोरांदनी हात वर केला.

"आणि समजा आम्हाला यायलाच जमलं नाही, तर आमच्या जागी कोण राहतं?"

प्रश्न गाश्पारचा होता. शब्द त्याचे, मान तिरकी करायची ढब त्याची, विकणाऱ्याला पेचात पकडल्याचा आनंदही त्याचाच.

"कोणीतरी राहतंच, साहेब," क्लाउदिया गोड हसली. "आठवडा रिकामा राहत नाही. नाव तुमचं असतं. त्या नावाखाली माणूस कुठलाही चालतो."

एतेल्का उठली. घरी फोन करून येते, असं काहीतरी पुटपुटून ती स्वागतकक्षात गेली आणि घरचा नंबर फिरवला. फोन लगेच उचलला गेला.

"हॅलो," गाश्पारचा आवाज आला, पण हळू, दबका, दुसऱ्याच्या घरी फोन उचलावा तसा. "बोग्नार यांचं घर."

"गाश्पार, मी बोलतेय."

"ते नाहीत हो, बाई. दोघंही बाहेरगावी गेलेत. तळ्यावर." तो अदबीने थांबला. "आज संध्याकाळी येतील. काही निरोप देऊ का?"

"चेष्टा करू नकोस. गाश्पार, ऐक..."

"मी पाहुणा आहे हो इथे," तो ओशाळून म्हणाला. "मला नीट सांगता यायचं नाही."

तिने फोन ठेवला. त्याला कळलं आहे, कोणीतरी सांगितलं आहे, तो सूड घेतो आहे, असं तिने मनाशी घोकलं. पण गाश्पारला सूड घेता येत नाही हे तिच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. ती परत आली तेव्हा करारनामा टेबलावर होता आणि लोरांद सही करत होते. 'गाश्पार बोग्नार', शेवटच्या अक्षराखाली ती मागे वळणारी शेपटी, जी तो डेपोच्या पावतीवरही न चुकता काढायचा.

"तुझी राहिली, एतुश," ते पेन पुढे करत म्हणाले.

एक वाक्य पुरलं असतं. हा माझा नवरा नाही. ते म्हटलं की करार रद्द, आणि जे काही चाललं होतं ते कदाचित तिथेच थांबलं असतं. तिला हे अगदी स्वच्छ कळत होतं. पण टेबलाभोवती परीटघडीची दोन जोडपी तिच्याकडे पाहत होती, क्लाउदिया मान कलती करून हसत होती, आणि ते वाक्य म्हणणं म्हणजे या सगळ्यांसमोर आपण कोण आहोत ते उघडं करणं होतं. कागदावर तिचं स्वतःचं नाव नव्हतंच; तिथल्या रीतीप्रमाणे नवऱ्याच्याच नावाला 'याची बायको' अशा अर्थाचं शेपूट जोडून तिची सही व्हायची. तिने ती केली. परवडेल का, याचा विचार करायचा राहून गेला.

परतीच्या गाडीत लोरांद तोंड उघडं टाकून झोपले होते. इमारतीत शिरल्यावर ते वरच्या मजल्याकडे वळतील अशी तिने आशा धरली होती. ते वळले नाहीत. तिच्या मागोमाग, तिची पिशवी हातात घेऊन, ते तिच्या दाराशी थांबले आणि वाट बघू लागले.

दार गाश्पारने उघडलं. इस्त्रीचा शर्ट, पायांत नव्या सँडल, हातात लहानशी पिशवी.

"या, या," तो लगबगीने बाजूला झाला. "मी निघतच होतो. आवरून ठेवलंय सगळं."

लोरांद त्याच्याकडे मान हलवून, परक्या माणसाला करावा तेवढाच नमस्कार करून, सरळ स्वयंपाकघरात गेले. एतेल्का उंबऱ्यातच उभी राहिली. घर तिने कधी पाहिलं नव्हतं इतकं नीटनेटकं होतं. त्याचा कप धुऊन पालथा घातलेला, पलंगाच्या पायथ्याशी टॉवेलची घडी, आणि घडीवर मधोमध ठेवलेली घराची किल्ली.

"पाव आणून ठेवलाय," गाश्पार म्हणाला, "पण कापला नाही. म्हटलं, घरच्यांनी येऊन कापावा. थोडं मीठ तेवढं घेतलं, चालेल ना?"

तो पाय जुळवून, पिशवी पोटाशी धरून, आपला आवाज कोणाला त्रास तर देत नाही ना अशा बेताने बोलत होता. त्याने चारचौघांत असं वागावं, एवढंच तर तिला इतकी वर्षं हवं होतं. तिला त्याच्याकडे बघवेना. लाजेने, मायेने, कशाने ते तिलाच कळेना. स्वयंपाकघरात पावाचा कागद फाटल्याचा आवाज झाला, आणि पाठोपाठ चाकू उघडल्याचा.

"जागा फार छान आहे हो तुमची, बाई," गाश्पार हळूच म्हणाला, आणि थोडा घुटमळला. "पुढच्या वर्षी हाच आठवडा मिळेल का?"

"गाश्पार!" ती जिवाच्या आकांताने ओरडली.

"आलो गं, एतुश," आतून आवाज आला.

आणि दारातल्या माणसाने, कोणाला हाक मारली ते पाहायला, अदबीने मागे वळून पाहिलं.