चार वाजताची माणसं

माझ्या सासूबाईंनी चौतीस वर्षं पुस्तकं बांधली. सरकारी दप्तरखान्याच्या तळमजल्यावर त्यांचं टेबल होतं. वाळवीने खाल्लेल्या नोंदवह्या त्यांच्यापुढे येऊन पडायच्या. त्या उसवायच्या, पानं लावून घ्यायची, पुन्हा पानांच्या जुड्या करून जुजबंदी शिवायची, पाठीला खळ लावून दाबाखाली ठेवायच्या. निवृत्त झाल्यावर दोनच वर्षांत त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या ऐन मध्यावर डाग पडला. कडेकडेचं दिसायचं, समोरचं पुसल्यासारखं व्हायचं. "माणसाचे कान दिसतात, तोंड दिसत नाही," असं त्या म्हणायच्या. "काही जणांच्या बाबतीत त्यात तोटा नाही."

माझे सासरे, म्हणजे बाबा, घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचायचे. ते गेले त्या वर्षापासून आईंनी एक नेम धरला होता. दुपारी साडेतीनला आतल्या खोलीत बसायचं, पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एक उतारा वाचायचा आणि वहीत लिहायचं. वही त्यांनीच बांधलेली. प्रत्येक तारखेखाली तीन गोष्टी असत. आज काय वाचलं. आज काय झालं. आणि शेवटी, आज खरं काय. डोळे अधू झाल्यावर मोठ्या टायपाचं शास्त्र आलं, बारका दिवा बसवलेलं भिंग आलं, पेनाच्या जागी जाड मार्कर आला, पण नेम सुटला नाही. उजेड डोळ्यांना खुपतो म्हणून त्या पडदे ओढून घेत. खोलीत उजेड तो काय, भिंगातल्या दिव्यापुरता.

मी बालवाडीत शिकवते, एकला घरी येते. नवरा बोटीवर नोकरीला, सहा सहा महिने बाहेर. त्यामुळे दुपारभर घरात आम्ही दोघीच असायचो.

एक दिवस मी चहाचे कप घेऊन बोळातून येत होते. समोरून आई येत होत्या. मधेच थांबल्या आणि अंग चोरून भिंतीला टेकल्या, कुणाला तरी वाट द्यावी तशा. त्यांची मान डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरली. थांबली. परत डावीकडे आली, पुन्हा उजवीकडे फिरली, आणि आणखी एकदा तसंच. एकामागून एक तिघं जण निघून जावेत तशी. मग त्या भिंत सोडून चालायला लागल्या.

"काय झालं आई?"

"काही नाही. पाय आखडला."

आई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. म्हणून ते उत्तर माझ्या जास्त जिव्हारी लागलं.

दोन दिवसांनी आम्ही टेबलाशी बसलो होतो. त्यांनी आपला कप उचलला आणि हातभर बाजूला ठेवला. त्यांची नजर टेबलाच्या कडेवरून काहीतरी बारकं चालत जावं तशी सरकत गेली. मग त्यांनी विचारलं, "बाहेरचं दार लावलंयस?"

"हो."

"कडी?"

"तीही लावलीय."

"मग ठीक," त्या म्हणाल्या, आणि चहा प्यायल्या.

मला काही तो गोड लागेना. सव्वीस पोरांना भूतबित काही नसतं म्हणून शिकवणारी मी, त्या दिवशी भरदुपारी पलंगाखाली वाकून पाहून आले. तिथे एक चप्पल होती आणि धूळ.

पुढच्या आठवड्यात आई न्हायला गेल्या असताना मी त्यांची वही उघडली. दुसऱ्याची वही वाचणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं, हे मला कळत होतं. तरी वाचली. मार्करची मोठी मोठी अक्षरं, एकीवर एक चढलेल्या ओळी.

"टोपीवाला खिडकीशी उभा. लहान चार, तोंड नसलेले. कुणी बोलत नाही."

"बोळातून तिघं गेले. पावलं वाजली नाहीत."

"आज सात. हिरव्या कोटातली बाई पलंगावर बसली. गादी दबली नाही."

आणि प्रत्येक पानाच्या तळाशी, आज खरं काय: "कडी आतून लावलेली आहे. सून घरात आहे. मला माझं नाव, वय, पत्ता सांगता येतो. देव आहे."

एक्केचाळीस दिवसांच्या नोंदी होत्या. मी वही जागेवर ठेवली. ज्या पलंगावर मी बसले होते त्यावरून मी उठले आणि दारात जाऊन उभी राहिले. नवऱ्याशी फोनवर आठवड्यातून एकदा बोलणं व्हायचं, तेही अर्धं वाऱ्यावर. म्हणून मी नको ते केलं. चर्चमधल्या घंटाकाकांना सांगितलं.

घंटाकाका म्हणजे मंडळीतले जुनेजाणते. तीस वर्षं चर्चची घंटा तेच वाजवत आले, म्हणून हे नाव. मनाने चांगले, पण त्यांना एखादी गोष्ट सांगणं म्हणजे घंटा वाजवण्यासारखंच. दुसऱ्याच दिवशी चार वाजता ते आणखी दोघांना घेऊन आले. खिशात अभिषेकाच्या तेलाची बाटली.

"वहिनी," ते हळू आवाजात म्हणाले, "घरात काही शिरलं असेल तर लपवू नये. आपण प्रार्थना करून ते बाहेर काढू."

आईंनी माझ्या दिशेने कान केला. मी खाली पाहिलं.

"बसा," त्या म्हणाल्या. "बाटली खाली ठेवा, टेबलाला डाग पडेल." मग मला म्हणाल्या, "वही आण. चोरून वाचलीसच, आता मोठ्याने वाच."

मी वाचली. अंधारलेल्या खोलीत पाच माणसं बसलेली, आणि मी वाचतेय की अमक्या दिवशी इथे सात होती. घंटाकाकांबरोबर आलेल्यांपैकी एकाने पाय वर घेतले.

वाचून झाल्यावर आई बोलल्या. "पहिले आठ दिवस मी खूप भ्याले. वेड लागलं म्हणा की दुसरं काही म्हणा, दोन्हीची लाज. प्रभूकडे मरण मागितलं. त्याच दिवशी वाचनात तो संदेष्टा आला, झाडाखाली पडून मरण मागणारा. देवदूत त्याला एका शब्दाने उपदेश करत नाही. खायला देतो आणि झोपू देतो. मग मीही जेवले आणि झोपले. त्या पानावर तेवढंच लिहिलंय."

"आणि मग?" घंटाकाका म्हणाले.

"मग नवव्या दिवशी, प्रभू मेलेल्यांतून उठल्यावर शिष्यांना भेटतो तो उतारा. त्यांना वाटतं भूत आलं. तो रागावत नाही. मला हात लावून बघा म्हणतो, आणि त्यांच्यासमोर बसून मासा खातो. मी चार वेळा वाचलं आणि लिहिलं, जो खरा असतो तो हात लावू देतो. दुसऱ्या दिवशी टोपीवाला आला तेव्हा मी उठले. काळीज तोंडात आलं होतं. हात पुढे केला, तो त्याच्या छातीतून गेला आणि खिडकीच्या गजाला लागला. गज गार होता."

घंटाकाकांनी वळून खिडकीच्या गजाकडे पाहिलं.

"तेव्हापासून एकेकाला तपासते. डोळा फिरवला की ते फिरतात. मिटला की जातात. भुताला माझ्या पापणीशी काय देणंघेणं? मला वाचायला ते अडवत नाहीत, वाईट काही सुचवत नाहीत. ते घरात नाहीत, माझ्या डोळ्यांत आहेत."

"पण मग हे आहे तरी काय?"

"ठाऊक नाही. ठाऊक नाही असंही लिहिलंय, सत्ताविसाव्या दिवशी. प्रार्थना अवश्य करा, पण काही हाकलायला नको. माझ्या डोळ्यांसाठी करा."

घंटाकाकांनी बाटली खिशात टाकली आणि डोळ्यांसाठी प्रार्थना केली. ती नेहमीपेक्षा बरीच आखूड झाली. निघताना ते मला म्हणाले, "उद्या गाडी आणतो. मोठ्या इस्पितळात दाखवू."

डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. वही पाहून त्या म्हणाल्या की इतकी नेटकी नोंद त्यांना कुठल्या पेशंटने कधी दिली नव्हती. "तुमचं डोकं ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "नजर कमी झाली की मेंदूला पुरेसं चित्र मिळत नाही. मग तो रिकाम्या जागी आपलीच चित्रं काढतो. पुष्कळांना होतं, वेडं ठरवतील या भीतीने कुणी सांगत नाही. मंद उजेडात जास्त होतं, म्हणून खोलीत चांगला दिवा लावा. हळूहळू कमी होईल."

"कोण कोण दिसतात लोकांना?" आईंनी विचारलं.

"सहसा अनोळखीच. ओळखीचे चेहरे सहसा नसतात."

आईंनी वही मिटून मांडीवर घेतली. परतताना गाडीतही तिच्यावर हात ठेवून बसल्या होत्या. त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरेल असं मला वाटलं होतं. मी त्याच संध्याकाळी पांढऱ्या उजेडाचा मोठा दिवा आणला, पण तो दहा दिवस कोपऱ्यात तसाच राहिला. पडदेही ओढलेलेच. विचारलं की आज डोकं दुखतंय, आज डोळे चुरचुरतायत.

अकराव्या दिवशी चारच्या सुमाराला त्यांनी मला हाक मारली. वही समोर उघडी होती. त्यातली दोन पानं कडेने खळ लावून एकमेकांना चिकटवलेली. इतकी सफाईदार, की मी वाचली तेव्हा एकच जाड पान समजून उलटलं होतं.

"सुरीने सोडव," त्या म्हणाल्या. "आणि वाच."

आत एकच नोंद होती, पुन्हा पुन्हा तारखा बदलून लिहिलेली.

"ते आले. खुर्चीत बसून बुटाच्या नाड्या सोडत होते. पाठमोरे. हात लावून पाहिला नाही."

त्याखाली, आज खरं काय. आणि पुढे कोरं. प्रत्येक वेळी कोरं.

मी सुरी खाली ठेवली. "आई, आत्ता..."

"आहेत," त्या म्हणाल्या.

भिंतीशी बाबांची लाकडी खुर्ची होती. रिकामी. ती रिकामी आहे हे मला दिसत होतं, तरी तिच्यावरून नजर काढायची माझी छाती होईना. आपण दुसरीकडे पाहिलं तर कुणीतरी मान वळवील असं वाटत होतं.

"डॉक्टरबाई म्हणाल्या ओळखीचे येत नाहीत," मी म्हटलं.

"सहसा म्हणाल्या." आईंचा आवाज अगदी साधा होता. "दिवा लावला की हे जाणार, म्हणून लावला नाही. हात लावला की काय होणार तेही ठाऊक आहे, म्हणून लावला नाही. टोपीवाल्याला एक नियम आणि यांना दुसरा. घंटाकाकांसमोर एवढी शहाणी झाले, आणि माझ्याच वहीत खोटं झाकून ठेवलं. रोज चारची वाट बघत बसते गं मी. शास्त्र समोर उघडं असतं आणि माझे कान पायऱ्यांकडे."

"मग राहू दे ना थोडे दिवस," मी म्हणाले. खरंच म्हणाले. पाच वर्षं त्यांनी एकटीने काढली होती.

"पाठमोरेच असतात गं," त्या म्हणाल्या. "हे कधी माझ्याकडे पाठ करून बसले नाहीत. तो उतारा वाच. नवव्या दिवसाचा."

मी भिंग धरून वाचला. भीती, शंका, हातापायांचे व्रण, मासा. माझा आवाज मलाच परका वाटत होता. वाचून संपलं तशा त्या उठल्या. दोन पावलं पुढे गेल्या. तळहात खांद्याच्या उंचीवर हवेत थांबला, आणि बराच वेळ तसाच राहिला.

"अहो," त्या म्हणाल्या. एवढंच.

मग हात खाली आला आणि खुर्चीच्या पाठीवर टेकला. लाकूड करकरलं.

"दिवा लाव."

मी कोपऱ्यातला दिवा लावला. पांढऱ्या उजेडात खोलीतलं सगळं उघडं पडलं, भिंतीचे पोपडे, पडद्यावरचे डाग. आई डोळे मिचकावत उभ्या होत्या.

"गेले?" मी विचारलं.

"गेले." त्या त्याच खुर्चीत बसल्या आणि रडल्या. बाबा गेले तेव्हा त्या असं रडल्या नव्हत्या, असं नवरा नंतर मला म्हणाला. मग तोंड पुसून त्यांनी मार्कर मागितला आणि लिहिलं: "आज खरं काय. ते पाच वर्षांपूर्वीच गेले. प्रभूजवळ आहेत, इथे नाहीत. मी इथे आहे."

त्यानंतर बाबा त्यांना पुन्हा दिसले नाहीत. बाकीचे कमी होत गेले. टोपीवाला तेवढा वर्षभर अधूनमधून यायचा. आई त्याला जावई म्हणायच्या, कारण येतो, काही बोलत नाही आणि लवकर उठत नाही. मग तोही यायचा थांबला. नजर मात्र आणखी गेली. आता मार्करचं अक्षरही दिसत नाही. उतारा मी वाचते आणि त्या सांगतात ते लिहून घेते. मी काही फार भाविक नाही. पण "आज खरं काय" म्हणून त्या गप्प बसतात, तेव्हा मीही मनातल्या मनात शोधायला लागते, आणि काही दिवस मला चटकन सापडत नाही.

मागच्या रविवारी उपासनेनंतर चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाई आमच्या घरी आल्या. त्यांना आता स्वरलिपी दिसत नाही, सगळं पाठावर वाजवतात. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या. मी पाणी आणायला उठले तेव्हा त्यांनी आवाज खाली घेतला.

"तुमचं कानावर आलं होतं," त्या म्हणाल्या. "मला तीन वर्षं दिसतायत. घरात कुणाला सांगितलेलं नाही."

आईंनी चाचपडत त्यांचा हात शोधला आणि धरून ठेवला.

"किती असतात?" त्यांनी विचारलं.

बाई मोजून सांगायला लागल्या. मी दार ओढून घेतलं आणि जेवणाचं पाहायला गेले. दोन तास झाले तरी आतलं बोलणं चालू होतं, आणि मधेच एकदा दोघी हसल्या.